डोळ्यांचे अंतर, पायांचे अंतर

घोडनदी आणि भीमा यांच्या आसपासचा शिरूर-दौंडचा मुलूख अंतराचा अंदाज बांधायला सोयीचा आहे. जमीन बरीचशी सपाट, डोंगर लांब, आणि ऊस तुटून गेला की नजर थेट क्षितिजाला भिडते. इथला माणूस दिवसभर अंतरे जोखत असतो आणि आपण ती जोखतो आहोत हे त्याच्या गावीही नसते. गळीत हंगामात सोलापूर रस्त्यावर पाटस-कुरकुंभच्या बाजूला पुढे उसाची ट्रॉली असते, समोरून एसटी येत असते, आणि मधल्या जागेतून मोटारसायकल काढायची की दम धरायचा हे क्षणभरात ठरते. नगर रस्त्यावर शिक्रापूर ते रांजणगाव या पट्ट्यात कारखान्यांची पाळी सुटली की असे निर्णय मिनिटाला कितीतरी होतात. दौंड जंक्शनच्या अलीकडे-पलीकडे फाटकाशी थांबलेला माणूसही गाडी अजून किती लांब आहे, याचा हिशेब मनातल्या मनात करतोच.

हाच रस्ता, हीच ट्रॉली आणि हेच फाटक पडद्यावर उभे केले, तर त्या माणसाचा अंदाज तसाच चालेल का? पडदा मोबाइलचा असेल, घरातल्या टीव्हीचा असेल, भिंतीएवढा असेल किंवा डोळ्यांवर चढवलेल्या हेडसेटमधला असेल, तर उत्तर प्रत्येक वेळी वेगळे येईल का? पुढच्या पानांचा विषय एवढाच आहे. वरवर तो संगणकवाल्यांचा वाटतो. पण ट्रॅक्टर चालवणाऱ्यापासून कारखान्यात सुरक्षेचे धडे घेणाऱ्यापर्यंत अनेकांच्या वाट्याला तो येऊ लागला आहे, म्हणून त्याची ओळख मराठीत आणि आपल्या जमिनीवर उभे राहून करून द्यावी, हा या लेखनामागचा हेतू.

मुख्य निष्कर्ष आधीच सांगून टाकतो. हेडसेटमधल्या आभासी जगात माणसे अंतर कमी धरतात. रेनर, वेलिच्कोव्स्की आणि हेल्मर्ट यांनी २०१३ साली तोवरच्या प्रयोगांचा आढावा घेतला, तेव्हा सरासरी अंदाज खऱ्या अंतराच्या ७४ टक्क्यांच्या आसपास निघाला. म्हणजे संगणकाने १० मीटरवर रोवलेला खांब बघणाऱ्याला साधारण साडेसात मीटरवर असल्यासारखा वाटतो. उघड्या मैदानात तोच माणूस एवढी चूक करत नाही. तफावत कुठून येते याचा शोध तीस वर्षांहून अधिक काळ चालू आहे, आणि त्या शोधात एक गोष्ट पुन्हा पुन्हा पुढे आली आहे: अंतर चित्रात साठवलेले नसते. डोळा, जमीन आणि चालणारे शरीर यांच्या देवघेवीतून ते ठरते. प्रत्येक पडदा या देवघेवीतला काही हिस्सा सांभाळतो आणि काही हिस्सा गाळतो. कोणता हिस्सा गाळला, हे पाहिल्याशिवाय पडद्याची गुणवत्ता ठरवता येत नाही.

आधी उघड्या रानातली गोष्ट पाहू. कटिंग आणि व्हिश्टन या अभ्यासकांनी १९९५ साली आपल्या भोवतालच्या जागेचे तीन पट्टे मानले. हाताच्या टप्प्यातला सुमारे दोन मीटरपर्यंतचा पहिला. चालत जाऊन, वस्तू फेकून किंवा हाक मारून काम साधता येते तो सुमारे तीस मीटरपर्यंतचा दुसरा. त्यापलीकडे नुसता देखावा. प्रत्येक पट्ट्यात डोळा वेगळ्या खुणांवर विसंबतो. जवळच्या पट्ट्यात दोन्ही डोळ्यांचे मिळून काम मोठे असते. मोठ्या माणसाच्या दोन बाहुल्यांमध्ये सरासरी ६३ मिलिमीटर अंतर असते. दोन मीटरवरची वस्तू पाहताना दोन्ही नजरा एकमेकींशी सुमारे १.८ अंशाचा कोन करतात. वीस मीटरवर हा कोन ०.१८ अंशावर येतो, आणि त्यापुढे डोळ्यांचे वळणे अंतराबद्दल फारसे काही सांगू शकत नाही.

मधल्या पट्ट्यात राज्य असते जमिनीचे. वस्तू जमिनीला जिथे टेकते तो बिंदू क्षितिजाच्या जितका खाली, तितकी वस्तू जवळ. डोळे जमिनीपासून दीड मीटर उंचीवर असतील, तर पाच मीटरवरचा दगड क्षितिजाच्या १६.७ अंश खाली दिसतो, दहा मीटरवरचा ८.५ अंश आणि वीस मीटरवरचा ४.३ अंश. डोळ्यांची उंची आणि हा कोन, एवढ्या दोन गोष्टींवर अंतर निघते. हे गणित आपल्याकडे नवे नाही. भास्कराचार्यांनी ११५० साली पूर्ण केलेल्या ‘सिद्धान्तशिरोमणी’त धीयंत्राचे वर्णन आहे. त्यात हाती फक्त एक काठी असते. तिच्या रोखाने बांबूचा बुंधा पाहायचा, मग शेंडा पाहायचा, आणि काठीची दोन टोके किती वरखाली आहेत यावरून बांबूचे अंतर आणि उंची काढायची. आपल्या डोळ्यांची उंची ठाऊक असली की काम होते. भास्कराचार्यांच्या घराण्याची माहिती देणारा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण इथे आहे, म्हणजे हा वारसा महाराष्ट्राच्या मातीतलाच. तेंग लेंग ऊई, बिंग वू आणि झिजियांग हे यांनी २००१ साली ‘नेचर’मध्ये दाखवून दिले की माणसाची दृष्टी नकळत हेच गणित करते. प्रिझमचे चष्मे लावून त्यांनी लोकांना दिसणारा हा कोन वाढवला, तशी अंतरे लोकांना कमी वाटू लागली.

या गणितातली एक अडचण पुढे फार उपयोगी पडणार आहे. अंतर वाढते तसा कोन झपाट्याने बारीक होतो. त्यामुळे वीस मीटरवर एका अंशाची चूकही महागात पडते. ४.३ ऐवजी ५.३ अंश दिसले, तर तोच दगड सोळा मीटरवर वाटायला हवा; ३.३ दिसले, तर सव्वीस मीटरवर. हेडसेटच्या भिंगाची मांडणी किंचित कललेली असली, किंवा सॉफ्टवेअरमध्ये डोळ्यांची उंची चुकीची भरलेली असली, तर काय होईल हे यावरून ध्यानात येते. चित्र सुंदर राहील, अंतर बिघडेल.

आता मोजण्याकडे वळू. अंतर मोजायचे म्हणजे साखळी, हे समीकरण या भागाच्या अंगवळणी पडले आहे. मुंबई इलाख्यात पुढे रूढ झालेल्या जमीन मोजणी आणि आकारणीच्या पद्धतीची सुरुवात दौंडच्या शेजारी, इंदापूर तालुक्यात, १८३५-३६ साली गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी केली. त्याआधीचा प्रिंगल यांचा प्रयत्न फसलेला होता. या मोजणीतली साखळी ३३ फुटांची आणि तिचे सोळा आणे. साखळीभर लांब आणि साखळीभर रुंद जागा म्हणजे १०८९ चौरस फुटांचा गुंठा, आणि असे चाळीस गुंठे म्हणजे एकर. बांधाच्या वादात आजही शेवटचा शब्द मोजणीचाच असतो.

डोक्यातल्या अंतरावर मात्र साखळी टाकता येत नाही. माणसाला किती अंतर दिसते आहे, हे बाहेरून कसे मोजणार? विचारून पाहावे, तर तोंडी आकड्यावर भरवसा ठेवता येत नाही. कुणाला फूट कळतात, कुणाला मीटर, आणि बरेच जण ऐकीव आकडा सांगून मोकळे होतात. म्हणून अभ्यासकांनी पायांची साक्ष काढली. समोरची खूण नीट पाहून घ्यायची, मग डोळ्यांवर पट्टी बांधून तिथवर चालत जायचे आणि पोहोचलो असे वाटले की थांबायचे. आंधळी कोशिंबीर खेळलेल्या कुणालाही ही परीक्षा अवघड वाटेल. प्रत्यक्षात ती आश्चर्य वाटावे इतकी सोपी जाते. जेम्स थॉमसन यांनी १९८३ साली आणि जॅक लूमिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ साली केलेल्या प्रयोगांतून दिसले की सुमारे वीस मीटरपर्यंत माणसे सरासरीने जवळपास बरोबर जागी थांबतात. ज्याला ‘किती मीटर?’ या प्रश्नाचे उत्तर धड देता येत नाही, त्याचे पायही बरोबर उत्तर देतात. आभासी जगातल्या बहुतेक निष्कर्षांमागे हीच परीक्षा आहे. तिच्या जोडीला वस्तू फेकून दाखवणे, मनातल्या मनात चालून लागणारा वेळ सांगणे आणि दिसणारे अंतर मधोमध दुभागणे अशा परीक्षाही आहेत. एकाच पडद्यावर वेगवेगळ्या परीक्षा वेगवेगळे उत्तर देऊ शकतात, म्हणून कोणताही आकडा वाचताना तो कोणत्या परीक्षेतून आला हे आधी पाहावे.

पडद्यांपैकी मोबाइल सर्वांत लहान. पंधरा सेंटिमीटर रुंदीचा आडवा धरलेला मोबाइल पस्तीस सेंटिमीटरवरून पाहिला, तर तो नजरेचे जेमतेम चोवीस अंश व्यापतो. भोवती खोली दिसत असते, डोळे काचेवर वळलेले असतात आणि ती काच सपाट आहे हे त्यांना पक्के ठाऊक असते. टीव्हीचेही थोडेफार तसेच. रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत टीव्ही संच तयार होतात. तसला ५५ इंची संच अडीच मीटरवरून पाहिला, तर त्याचा व्याप सुमारे सत्तावीस अंशांचा भरतो. पण त्यावरचा गाडी चालवण्याचा खेळ बहुधा नव्वद अंशांचा देखावा त्या सत्तावीस अंशांत कोंबतो. देखावा आक्रसला की वस्तू लहान होतात, आणि लहान झालेल्या वस्तू लांबच्या वाटतात. म्हणजे हेडसेटमध्ये अंतर कमी वाटते म्हणून टीव्हीवरही कमीच वाटेल, असे गृहीत धरता येत नाही. तिथे चूक कोणत्या दिशेने होईल, हे पडद्याची रुंदी, बसण्याची जागा आणि सॉफ्टवेअरमध्ये भरलेला कोन ही तिन्ही मिळून ठरवतात.

मोठा पडदाही या भागाला नवा नाही. जत्रेतल्या तंबूच्या सिनेमात लोक जागा मिळेल तिथे जमिनीवर बसत. कुणी पडद्याच्या पुढ्यात, कुणी कडेला, तरी घोडेस्वार कुणालाही वाकडा दिसत नसे, कारण समोर चित्र आहे हे प्रेक्षक जाणून असतो आणि मनात तशी दुरुस्ती करतो. आभासी वास्तवाच्या मोठ्या पडद्याला ही सवलत चालत नाही. शिकागो इथल्या इलिनॉय विद्यापीठात कॅरोलिना क्रूझ-नेरा, डॅनियल सँडिन आणि टॉम डिफँटी यांनी १९९२ साली जगापुढे मांडलेली ‘केव्ह’ ही खोली अशी: भिंती आणि जमीन यांवर चित्र टाकलेले, डोळ्यांवर त्रिमितीचा चष्मा, आणि डोके हलेल तसा देखावा नव्याने काढला जाणारा. इथे माणसाला स्वतःचे पाय दिसतात, ही जमेची मोठी बाजू. पण भिंत शेवटी दोन-तीन मीटरवरच असते आणि डोळ्यांना तिच्यावरच नजर स्थिर करावी लागते. शिवाय पट्टी बांधून वीस मीटर चालायला त्या खोलीत जागा नसते, म्हणून तिथे मनातल्या चालण्यावर भागवावे लागते. अशा पडद्यांबद्दलचे निष्कर्ष परस्परांशी पूर्ण जुळत नाहीत. त्यामागे पडद्यांच्या फरकाइतकाच परीक्षांचा फरक आहे.

हेडसेटची वंशावळ १९६८ साली आयव्हन सदरलँड यांनी दाखवलेल्या, छताला जोडलेल्या अवजड यंत्रापासून सुरू होते. आजचा हेडसेट अर्ध्या किलोच्या आसपास वजनाचा असतो आणि त्याला तारही लागत नाही. अंतर कमी का वाटते, याबद्दल ज्यांच्यावर संशय घेतला गेला त्यांची यादी लांब आहे आणि तिची छाननी वाचण्यासारखी आहे. पहिला संशय अरुंद दृष्टिक्षेत्रावर गेला. नॅप आणि लूमिस यांनी २००४ साली लोकांना खऱ्या मैदानात तितक्याच अरुंद चौकटीतून पाहायला लावले. अंदाज बिघडला नाही. दुसरा संशय चित्राच्या दर्जावर गेला. त्याच वर्षी विल्यम थॉम्पसन आणि सहकाऱ्यांनी फोटोइतके खरे दृश्य, साधे संगणकी चित्र आणि नुसत्या रेघांचा सांगाडा अशा तीन पायऱ्यांची तुलना केली. तिन्हींत चूक जवळपास सारखीच निघाली. जास्त पैसे मोजून जास्त खरे चित्र घेतले की अंतर आपोआप सुधारेल, या समजुतीला त्यामुळे धक्का बसला.

तिसरा संशय वजनावर होता, आणि त्यात तथ्य निघाले. विलेमसन आणि सहकाऱ्यांनी २००९ साली दाखवले की हेडसेटसारखा भार डोक्यावर ठेवला, तर खऱ्या जगातलाही अंदाज थोडा खाली येतो. पण सगळी तूट त्यातून निघत नाही. भिंगांमुळे डोळ्यांना एका ठरावीक अंतरावर नजर स्पष्ट करावी लागते, तर चित्र त्यांना भलत्याच अंतरावर वळायला सांगते. हा झगडाही संशयितांत आहे. पण तो मुख्यतः जवळच्या पट्ट्यातला. जोनाथन केली यांनी २०२२ साली अनेक प्रयोग एकत्र मांडून पाहिले, तेव्हा विस्तृत दृष्टिक्षेत्र, जास्त बारकावा आणि कमी वजन असलेल्या हेडसेटमध्ये अंदाज खऱ्याच्या जास्त जवळ जातो, असे दिसले. नवी यंत्रे सुधारली आहेत. तूट पुरती मिटलेली नाही.

सर्वांत बोलके प्रयोग मात्र यंत्राबाहेरच्या गोष्टींचे आहेत. व्हिक्टोरिया इंटरँट यांच्या गटाने २००६ साली लोक ज्या खोलीत उभे होते त्याच खोलीची हुबेहूब नक्कल हेडसेटमध्ये दाखवली, आणि अंदाज जवळपास बरोबर आले. बेट्टी मोलर आणि सहकाऱ्यांनी २०१० साली माणसाला हेडसेटमध्ये स्वतःच्या हालचालींप्रमाणे हलणारे शरीर दिले, तेव्हाही तूट कमी झाली. आभासी जगात थोडा वेळ डोळे उघडे ठेवून चालू दिले, तर पुढचे अंदाज लवकर सुधारतात, हे मोलर यांच्या गटाने २००६ साली आणि रिचर्डसन व वॉलर यांनी २००७ साली दाखवले. ओळखीची जागा, दिसणारे शरीर आणि चालण्याची मुभा: चित्राच्या झळाळीशी या तिन्हींचा काही संबंध नाही. गाळलेला हिस्सा परत दिला, की अंतर सावरते.

या सगळ्याचे शिरूर-दौंडला काय? पहिले कारण रस्त्याचे. केंद्र सरकारने मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांसाठी २०२१ साली जे नियम लागू केले, त्यांत सिम्युलेटर सक्तीचा आहे. सिम्युलेटरसमोर शिकलेला हात उद्या याच महामार्गांवर येणार. ताशी ८० किलोमीटरने जाणारे वाहन सेकंदाला २२ मीटर कापते, आणि तितक्याच वेगाने समोरून येणारे वाहन धरले तर शंभर मीटरची मोकळी जागा सव्वादोन सेकंदांत संपते. इथे एक सावधगिरी हवी. चालून केलेले प्रयोग वीस-पंचवीस मीटरपर्यंतचे आहेत. ७४ टक्क्यांचा आकडा उचलून शंभर मीटरला लावणे चूक ठरेल. तेवढ्या लांब दोन डोळ्यांची खूण चालत नाही. तिथे कामाला येतात ओळखीच्या आकाराची वाहने, दोन दिव्यांमधली फाक आणि रस्त्याची कडा. म्हणून रात्री मागे दिवे नसलेली उसाची ट्रॉली इतकी घातक ठरते, आणि म्हणूनच सिम्युलेटरमध्ये तशी ट्रॉली असायला हवी. फाटकाचेही तसेच. मोठी वस्तू आहे त्यापेक्षा सावकाश येते आहे असे वाटते, हा मुद्दा हर्शेल लीबोविट्झ यांनी १९८५ साली रेल्वे फाटकांवरच्या अपघातांच्या संदर्भात मांडला होता. आगगाडी बघणाऱ्याची हीच फसगत पडद्यावरही होते की नाही, हे तपासल्याशिवाय फाटकाचा धडा पडद्यावर शिकवू नये.

दुसरे कारण कारखान्यांचे. कुरकुंभच्या रासायनिक वसाहतीत किंवा रांजणगावच्या यंत्रशाळेत सुरक्षेचा सराव हेडसेटवर द्यायचा, तर झडप कुठे, अग्निशामक नळकांडे कुठे, हे बहुतेक हाताच्या टप्प्यातले काम असते आणि तिथे हेडसेटची बाजू भक्कम आहे. पण बाहेर पडण्याचा दरवाजा किती पावलांवर आहे, हे शिकवायचे असेल तर मधला पट्टा आला, आणि तूटही आली.

तिसरे कारण इतिहासाचे. शिरूर तालुक्यात घोडनदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तिथे उत्खनन केले आणि तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची वस्ती, तिची चौकोनी घरे आणि नंतरच्या काळातल्या गोल झोपड्या उजेडात आल्या. अशी वस्ती उद्या आभासी रूपात उभी राहिली, तर पाच मीटर लांबीचे घर पाहणाऱ्याला पावणेचार मीटरचे वाटू शकते. मग ‘किती लहानशा घरात राहत असत ही माणसे!’ हा उद्गार इतिहासातून आला की हेडसेटमधून, हे कोण सांगणार? संग्रहालयात अशा दृश्याशेजारी जमिनीवर खऱ्या मापाची आखणी केली, तर हा गोंधळ टळेल. त्याला फार खर्चही नाही.

पुढची प्रकरणे याच क्रमाने जातात: आधी उघडे रान, मग मोजण्याच्या परीक्षा, मग एकेक पडदा आणि शेवटी उपयोग. गणिताची धास्ती असलेल्या वाचकाने कोनांचे तक्ते सोडून द्यावेत. पट्टीचा प्रयोग मात्र सोडू नये. शाळेचे मैदान, मोजपट्टी, रुमाल आणि बरोबर चालणारा एक सोबती एवढ्यावर तो होतो. दहावीच्या मुलांनी केलेली नोंदही, नीट केली असेल, तर कामाची असते.

ज्यांना सिम्युलेटर किंवा हेडसेट विकत घ्यायचा आहे त्या संस्थांनी विक्रेत्याला तीन प्रश्न विचारावेत. डोळ्यांची उंची प्रत्येक माणसागणिक बदलता येते का? बसण्याच्या जागेवरून पडदा जेवढा कोन व्यापतो, तेवढ्याच कोनाचा देखावा सॉफ्टवेअर काढते का? आणि या यंत्रावर माणसांचे अंतराचे अंदाज कुणी, कोणत्या परीक्षेने तपासले आहेत? चित्रातले ठिपके किती, हे विक्रेता न विचारताही सांगेल. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळेपर्यंत खरेदीचा कागद पुढे सरकवू नये.